सायबांना म्हाईत न्हाई

मोठे गुरुजी उंचीने पाच फूटही भरले नसते. माझ्या आधी त्या शाळेत आणखी एक गुरुजी होते, ते वयाने लहान आणि अंगाने चांगले सहाफुटी. गाव त्यांना धाकटे गुरुजी म्हणे, म्हणून हे मोठे. धाकटे गुरुजी बदलून गेले आणि त्यांच्या जागी मी आले, तरी यांचं मोठेपण कायम राहिलं. त्यांच्याकडे एक सायकल होती. ती चालवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कॅरिअरला पुस्तकांचं गाठोडं बांधून ते ती हातात धरून चालायचे आणि दोन्ही बाजूंनी पोरं. "बसलो तर ह्यांच्या म्होरं जाईन, मग बोलायचं कुनाशी?" असं ते सांगत. पाय पोचत नसावेत असा माझा संशय होता आणि तो अजून गेलेला नाही.

गाव तिसगावपासून तीन मैलांवर. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, पुढे ओसरी. मी नगरहून गेलेली. आमच्या घरात तीन पिढ्या भिक्षुकी, कारकुनी आणि मास्तरकी यांच्या पलीकडे कुणी काही केलं नव्हतं, त्यामुळे शिकवणं आपल्या रक्तातच आहे अशी माझी समजूत. ट्रेनिंग कॉलेजात पहिला नंबर, वय वीस, आणि राग कायम नाकावर. रुजू झाले त्या दिवशी मोठ्या गुरुजींनी माझा हुकूम वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाई, आज तुमी पहिलीत बसा."

"पहिली घेऊ?"

"घेऊ नका. बसा. पोरांत, खाली."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. नवं पातळ सावरत मी सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली आणि ते शिकवू लागले. अर्ध्या तासात पायाला मुंग्या आल्या. दारातून येणारा उजेड नेमका फळ्यावर पडत होता आणि मधल्या दोन ओळी सोडून काही दिसत नव्हतं. माझ्या शेजारचा पोरगा फळ्याकडे न बघताच पाटीवर भराभरा रेघोट्या ओढत होता. सुट्टी झाल्यावर गुरुजींनी विचारलं, "काय शिकलात?"

"काही नाही," मी तडकून म्हणाले. "फळा दिसतच नाही. उजेड येतो त्याच्यावर."

गुरुजी खूश झाले. "हे कळाया मला अकरा वर्सं लागली बाई. मी आपला पोरांना मठ्ठ म्हनत ऱ्हायलो. तुमी अर्ध्या तासात सांगितलं. धरा ती बाजू." आणि आम्ही दोघांनी तो जड फळा उचलून समोरच्या भिंतीला लावला. तेव्हापासून महिन्यातून एकदा दोघांनीही मुलांत बसायचं असा त्यांनी नियम केला. साहेबलोकांनीही बसावं असा अर्ज त्यांनी वरती धाडला होता. त्याला उत्तर आलं नाही.

असे अर्ज ते फार करत. ज्वारीच्या काढणीला शाळेला सुट्टी द्यावी आणि ती मे महिन्यात भरून काढावी. गुरुजींची बदली करताना गावातल्या मुलांचं म्हणणं घ्यावं. पहिलीच्या पुस्तकात आगगाडी आहे, आमच्या पोरांनी ती पाहिलेली नाही, तिथे एस.टी. घालावी. बोलताना ते पक्के गावचे, पण कागदावर त्यांचं मराठी माझ्या वडिलांच्या कचेरीलाही लाजवील असं. "आपल्या विचारार्थ सविनय सादर" असं लिहून खाली तिरकी सही ठोकायची आणि मला म्हणायचं, "टाका पेटीत. उत्तर येनार न्हाई. पर कुनी सांगितलंच न्हाई असं त्यांना म्हनता येऊ नये."

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण 'ण'वरून झालं. दुसरीतला एक मुलगा 'पानी' म्हणाला आणि मी त्याला दहा वेळा 'पाणी' म्हणायला उभं केलं. चौथ्या वेळी त्याने तोंड मिटलं ते पुढे आठवडाभर उघडलंच नाही. गुरुजींनी मला ओसरीवर बोलावलं.

"बाई, त्यो 'ण' तुमच्या घरचा. आमच्या घरी त्यो पाव्हना हाय. पाव्हन्यासारखा येऊ द्या त्याला, फौजदारासारखा नगं."

"शुद्ध बोलायला शिकवणं हा गुन्हा आहे का?"

"न्हाई. पर आधी बोलू तर द्या."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

आता फळ्याच्या डाव्या कोपऱ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कोपऱ्यापायी घडलं. दोन्ही वर्गांतल्या फळ्यांवर डाव्या बाजूला खडूने एक चौकट आखलेली असे. मुलांनी प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर आलं नाही, तर ज्याला आलं नाही त्याचं नाव त्या चौकटीत लिहायचं. 'गुरुजींना माहीत नाही' आणि खाली प्रश्न. लिहायचं काम मुलांचं. उत्तर सापडलं की पुसायचं, त्याआधी नाही. मी गेले तेव्हा चौकटीत तीन प्रश्न होते. मुंगीला झोप असते का? शून्य ज्याने काढलं त्याचं गाव कोणतं? कोंबडीच्या पिल्लाला आतून कळतं का की आता फोडायचं? आठवड्याभरात तिथे 'बाईंना माहीत नाही' हेही आलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वर्गात शिक्षकाला काही येत नाही हे मुलांना कळता कामा नये, हे मला ट्रेनिंग कॉलेजने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

ही चौकट त्यांनी का आखली, ते मी एकदा खोदून विचारलं. एरवी स्वतःविषयी ते बोलत नसत. ते मूळचे पारनेरकडचे. दहा वर्षांचे होईतो मेंढरांमागे होते, मग कुणीतरी धरून शाळेत घातलं, तिथे सहा वर्षांच्या पोरांत गुडघे पोटाशी घेऊन बसले. शिकले, मास्तर झाले, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "मला मारनाऱ्या मास्तरचा मी बाप निघालो." एका गावी ते मुलांना पक्षी शिकवत होते. वटवाघूळ पक्षी आहे आणि तो अंडी घालतो, असं त्यांनी सांगितलं. एक पोरगा उठून म्हणाला, "न्हाई गुरुजी, ते पिल्लाला पाजतंय. मी बगितलंय." गुरुजींनी त्याच्या कानाखाली लगावली. पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. सहा महिन्यांनी एका पुस्तकात गुरुजींनी वाचलं की वटवाघूळ पिल्लांना दूध पाजतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याचे मायबाप ऊसतोडीला गेलते, त्यालाबी नेलं. मी कारखान्यावर गेलो हुडकत. पाचटाच्या कोपीत बसला हुता. म्हनलं, बाबा, तुझंच खरं हुतं, चल. त्यो म्हनला, मला म्हाईतच हुतं की माझं खरं हाय. आला न्हाई." गुरुजी माझ्याकडे वळले. "बाई, त्याला माझं शिकवनं नगं हुतं. मी त्याचं ऐकायला पायजे हुतं."

त्यानंतर मी त्या चौकटीबद्दल कुरकुर केली नाही. पटली असं मात्र म्हणणार नाही.

आता पाचवी. शाळा चौथीपर्यंत, पाचवी तिसगावला. मुलगे तिसगावला जात, मुली घरी बसत. तीन मैल उघड्या माळावरून पोरीने कसं जायचं, या एका वाक्यावर गावातल्या सगळ्या मुलींचं शिक्षण संपायचं. गुरुजी तीन वर्षं पाचवीचा वर्ग मंजूर व्हावा म्हणून अर्ज करत होते. बहात्तर साली सात मुली चौथी पास झाल्या. गुरुजींनी त्यांचे दाखले काढलेच नाहीत. "दाखला दिला की पोरगी सुटली," म्हणाले, आणि जूनमध्ये सातही जणींना ओसरीवर बसवून पाचवीचं पुस्तक सुरू केलं. मंजुरी नाही, हजेरीपटावर वर्ग नाही. सातांत सरपंचांची मंदा होती, सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत बोलकी. खुद्द सरपंच गुरुजींच्या बाजूने होते, कारण पाचवी गावात आली तर मंदाला शिकवायला त्यांची हरकत नव्हती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. श्रावण कोरडा चालला होता. निम्मं गाव तलावाच्या कामावर माती वाहत होतं, आणि शाळेत खायला सुकडी मिळते म्हणून पोरं टिकून होती. अशात तपासणी लागली. तपासणीला येणाऱ्या साहेबांना गाव दिपोटी म्हणे. दिपोटींनी शेरेबुकात पाचवीची शिफारस लिहिली की मंजुरी आल्यात जमा होती, आणि ते अनुकूल आहेत असा निरोपही सरपंचांकडे आला होता.

मी मुलांकडून आठवडाभर 'आहे' आणि 'पाणी' घोटून घेतलं. गुरुजींनी ते चालू दिलं. दिपोटीसाहेब बैलगाडीतून आले, हाडं खिळखिळी होऊन. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी पाढे विचारले, वाचन घेतलं, ओसरीवरच्या मुलींची गणितं पाहिली आणि चक्क मान डोलावली. आत येऊन खुर्चीवर बसले, मुलीही मागोमाग आत आल्या, सरपंचांनी चहा पुढे केला, साहेबांनी शेरेबुक उघडलं, पेनाचं टोपण काढलं.  तेवढ्यात साहेब हसून मुलींना म्हणाले, "काय, तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

सगळे साहेब हे विचारतात आणि सगळीकडची मुलं त्यावर गप्प बसतात. आमच्या मुलांना ती रीत ठाऊक नव्हती. मंदा उठली.

"सायेब, आमच्या हिरीचं पानी खाली खाली चाललंय. ते जातं कुठं?"

"जमिनीत जातं."

"जमिनीत कुठं? आनखी खांदली तर त्येच पानी घावंल का दुसरं?"

साहेबांनी घोट घेतला. "हे तुमच्या पुस्तकात नाही बाळ."

 मंदा खुशीत म्हणाली, "म्हंजी तुमाला म्हाईत न्हाई," आणि सरळ फळ्यापाशी गेली. पाहुण्याला पाट मांडावा तसं तिने त्या चौकटीत गुरुजींच्या आणि माझ्या नावाखाली लिहिलं: 'सायबांना म्हाईत न्हाई.' खाली विहिरीचा प्रश्न. तिच्या मनात काडीचा उद्धटपणा नव्हता. त्या चौकटीत मोठ्या माणसांचीच नावं असतात, एवढंच तिला माहीत.

 साहेबांचा चेहरा लाल झाला. मी झटकन उठले आणि पुसायचं फडकं उचललं.

"बाई, बसा," मोठे गुरुजी म्हणाले.

"पुसा ते," साहेब म्हणाले. "आणि ते 'म्हाईत' काय आहे? हेच शुद्धलेखन?"

"साहेब, शुद्धलेखन सुधारता येईल," गुरुजी एकदम कागदावरच्या मराठीत बोलले. "पण पुसता येणार नाही. उत्तर सापडल्यावर पुसायचं असा मुलांचा नियम आहे. माझं नाव तिथे रोज असतं."

"तुमचं असेल. हे बघा, मी शिफारस लिहायला बसलोय. ते पुसा, मी लिहितो आणि जातो. मला वाद घालायचा नाही."

सरपंच काकुळतीला आले. "गुरुजी, पुसा की. दोन अक्षरं तर हायती."

मंदाला तेव्हा कुठे कळलं की काहीतरी बिनसलंय. ती फळ्याशीच उभी होती. परकराचं टोक हातात धरून रडवेल्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, मी पुसते. आमाला पाचवी पायजे."

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले.  मग त्यांनी विचारलं, "मंदा, तुला उत्तर मिळालं का?"

"न्हाई."

"मग बस खाली."

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते मला पाठ आहे. 'मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांना उद्धटपणाचे वळण लावले आहे. पाचवीची शिफारस करता येत नाही.' चहा अर्धा टाकून ते गाडीत बसले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी गुरुजींवर तुटून पडले. त्या आधी किंवा नंतर मी कुणा वडीलधाऱ्या माणसाला तसं बोलले नाही. "तुमच्या तोऱ्यापायी सात मुलींची पाचवी घालवलीत. एक फडकं फिरवायचं होतं. तुमचा नियम मोठा की त्यांचं आयुष्य?"

ते ओसरीच्या पायरीवर बसले होते. "बाई, फडकं फिरवून पाचवी मिळाली असती. मग सातवी मिळाली असती. पर त्या पोरी जल्मभर फडकं हातात घिऊनच बसल्या असत्या." मग म्हणाले, "मला वाटतं तसं. खरं का खोटं, मला म्हाईत न्हाई." आणि ढसाढसा रडले. मी पुष्कळ वेळ उभी राहिले, समजूत घातली नाही. माझा राग उतरला नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी सांगेन की त्यांनी पुसायला हवं होतं. पण वर्गात उभं राहून खोटं उत्तर द्यायची माझी सवय त्या दिवशी सुटली, हेही सांगेन.

गणपती झाल्यावर त्यांच्या बदलीचा हुकूम आला. पार अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शाळेचा चार्ज माझ्याकडे आला, आणि सोबत मला आदेश की चौथीपुढील कोणाही मुलीस शाळेत बसवू नये. गुरुजींनी हुकूम वाचून "उत्तर आलं एकदाचं," एवढंच म्हटलं. निघताना त्यांनी सातही जणींना पाचवीची पुस्तकं देऊन टाकली. "मी पाचवी आनू शकलो न्हाई गं," त्यांना म्हणाले. सायकल एस.टी.च्या टपावर चढवली आणि गेले. डोंगरातल्या शाळेतून त्यांचं एक कार्ड आलं, त्यात खुशाली कमी आणि तिथल्या फळ्याची तक्रार जास्त होती. नंतर भेट नाही.

दुसऱ्या दिवशी मी आदेश पदरात घेऊन शाळेत गेले. मुलींना घरी जा म्हणून कसं सांगायचं, वाटभर जुळवत होते. ओसरीवर पाचवी नव्हती. त्यांच्या जागी सतरंजीवर चार तान्ही पोरं ओळीने टाकलेली, दोन रडत होती, एक खडू खात होतं. मोठ्या मुलींना घरचं लहानगं काखेत घेऊनच शाळेत यावं लागे, आया कामावर जात म्हणून. ती लहानगी तर इथे होती. मग मुली?

"त्या तिसगावला गेल्या," पहिलीतली एक चिमुरडी म्हणाली. "पाचवीत बसाया. तुमी पोरं धरायचीत म्हनल्या."

मी दिवसभर पोरं धरली. एका मांडीवर तान्हं आणि दुसऱ्या हातात खडू. दुपार कलल्यावर त्या आल्या, सातही जणी, पायांवर गुडघ्यापर्यंत धुळीचे मोजे. त्यांच्यामागोमाग सरपंच तणतणत आले. गावभर बातमी झाली होती.

"कुनाला इचारून गेलती गं?"

मंदाने धाकट्या भावाला माझ्या मांडीवरून उचललं. "तिथल्या हेडमास्तरलाच इचारलं की. त्ये म्हनले, दाखला आना, मग बसा."

"आगं पर रोज तीन मैल जायचं आन तीन मैल यायचं! उघड्या माळानं! पोरींना झेपनार हाय का?"

"आज गेलो न्हवं का?"

 सरपंच माझ्याकडे वळले, मी काहीतरी शहाणपणाचं बोलावं म्हणून. मी कपाटातून दाखल्यांचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, इयत्ता चौथी उत्तीर्ण. वर्तणूक चांगली, ते तर मी अधोरेखित केलं. पुढचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. मुलींच्या दाखल्यांवर तिथे नेहमी लग्न किंवा घरकाम लिहिलेलं असे. मी पेन थांबवलं आणि मुद्दाम सरपंचांना विचारलं, "कारण काय लिहू?"

 मंदा भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "लिवा, तिसगावला चालत जाता येतं."

सातही दाखल्यांवर मी तेच कारण लिहिलं.